खोली नंतर, आधी चूल बघा: मुलाच्या कॅन्सरसाठी परळला येणाऱ्यांच्या निवाऱ्यांचं परीक्षण

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे असं कळलं की पुढचे काही महिने मूल वॉर्डात भरती असेल असं बहुतेक आईबापांना वाटतं. तसं होत नाही. बरीचशी केमो डे-केअरमध्ये दिली जाते. सकाळी जायचं, सलाईन संपलं की संध्याकाळी परत. ल्युकेमियाचा, म्हणजे या रक्ताच्या कॅन्सरचा, जोरकस उपचारांचा टप्पा साधारण सहा ते आठ महिन्यांचा असतो आणि गोळ्यांचा टप्पा धरला तर सगळं मिळून दोन ते तीन वर्षं. यातला बराच काळ मूल 'घरी' असतं, आणि नांदेडहून, मालद्याहून किंवा गोरखपूरहून आलेल्या कुटुंबाला मुंबईत घर नसतं. म्हणून धर्मादाय निवारा हा इथे उपचाराचाच भाग आहे. तो चुकीचा मिळाला तर चांगल्या औषधांचाही उपयोग अर्धा होतो.

परळ, दादर, कॉटन ग्रीन, वांद्रे, चेंबूर आणि खारघर या पट्ट्यात अशा बऱ्याच जागा आहेत. सगळ्यांचे हेतू चांगले आहेत. पण मोठ्या माणसाला चालणारी जागा केमोवरच्या चार वर्षांच्या मुलाला चालतेच असं नाही. या परीक्षणात आम्ही जागा जोखल्या आहेत त्या फक्त मुलाच्या बाजूने.

धर्मशाळा

दादर पूर्वेची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना सगळ्यात आधी सुचवली जाते. रुग्णालयाचं पत्र, नाममात्र शुल्क आणि शेकडो माणसांची सोय. रुग्णाच्या नातेवाइकाला रस्त्यावर झोपावं लागू नये हा गाडगेबाबांचा आग्रह ती आजही पाळते, आणि त्याबद्दल मनात आदरच आहे. परळची नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून रुग्णसेवेत आहे. तिचं रुग्ण सेवा सदन टाटा, केईएम आणि वाडिया या तिन्ही रुग्णालयांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे कॅन्सरखेरीज इतर आजारांसाठी आलेल्यांनाही त्याचा आधार मिळतो. टाटाचं स्वतःचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृती निवासस्थान वांद्र्याला आहे.

या जागा मोठ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून उभ्या राहिल्या. हॉलमध्ये ओळीने खाटा, सगळ्यांना मिळून स्वच्छतागृहं, ठरलेल्या वेळी जेवण. तोंडाच्या कॅन्सरसाठी आलेले आजोबा आणि त्यांचा मुलगा अशा ठिकाणी महिनाभर नीट राहू शकतात. ल्युकेमियाच्या मुलाची अडचण दुसरीच असते. केमोनंतर साधारण आठव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी खाली जातात, म्हणजेच बोलीभाषेत 'काउंट पडतात'. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा साधा खोकला तेव्हा मुलाला वॉर्डात पोहोचवू शकतो. हॉलमधल्या एका मुलाला कांजिण्या झाल्या तर बाकीच्या सगळ्या मुलांची केमो धोक्यात येते. अशा संपर्कानंतर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं असतं, कारण बचावाचं औषध पहिल्या काही दिवसांतच नीट काम करतं. हे बहुतेकांना कोणी सांगत नाही.

तरीही पहिले काही दिवस बहुतेक कुटुंबांना धर्मशाळेतच काढावे लागतात, कारण मुलांसाठीच्या जागांना वेटिंग असतं. तेवढ्या काळापुरतं एवढं करा. खाट मागताना खिडकीजवळची आणि संडासापासून लांबची मागा. चादर आणि उशीची खोळ स्वतःची वापरा, दर दोन-तीन दिवसांनी धुवा आणि उन्हात वाळवा. पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवा आणि झाकणाच्या भांड्यात गार करा. विकतच्या मोठ्या कॅनच्या पाण्यावर भरवसा ठेवू नका.

पावसाळ्यात दादरला उतरलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. दादर पूर्व आणि परळ यांच्यामध्ये हिंदमाताचा सखल भाग आहे आणि मोठा पाऊस आला की तिथे पाणी तुंबतं. जुलैत सकाळी केमोची वेळ असेल तर आदल्या रात्रीचा हवामानाचा अंदाज बघूनच घरातून निघण्याची वेळ ठरवा.

सेंट ज्यूड: मुलांसाठीच घडवलेली जागा

सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी २००६ मध्ये मुंबईत सुरू केली, तेव्हा जागा होती फक्त ८ कुटुंबांची. आज तिची केंद्रं मुंबईबाहेर दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, जयपूर, गुवाहाटी, वेल्लोर अशा शहरांत आहेत. मुंबईत परळच्या बरोबरीने कॉटन ग्रीनला बंदर खात्याच्या जुन्या इमारती दुरुस्त करून मोठा परिसर उभा केला आहे, आणि खारघरलाही केंद्र आहे. अमेरिकेत मेम्फिसला याच संताच्या नावाचं प्रसिद्ध बाल-रुग्णालय आहे. ही संस्था त्यापेक्षा वेगळी आहे. इथे उपचार होत नाहीत. उपचार टाटातच होतात, संस्था राहणं आणि त्याभोवतीचं सगळं सांभाळते, तेही कुटुंबाकडून पैसे न घेता.

रचना अशी. प्रत्येक कुटुंबाला आपली स्वतंत्र जागा, त्यात खाट आणि सामान ठेवायचं कपाट. साधारण डझनभर कुटुंबं मिळून एक केंद्र. स्वयंपाकघर आणि जेवायची जागा सामाईक, मात्र शेगडी आणि शिधा ठेवायची जागा ज्याची त्याची. शिधा संस्था देते, स्वयंपाक आई करते. रुग्णालयात जायला-यायला गाडी असते. मुलांसाठी शिकवणी, चित्रकला आणि खेळ, आईबापांसाठी समुपदेशन आणि शिवणकामासारखी कौशल्यं. उपचार संपल्यावर तपासणीला येणाऱ्या मुलांशीही संस्था संबंध ठेवते.

आमच्या मते या सगळ्यातली मोलाची गोष्ट आहे ती शेगडी. समुपदेशन, वर्ग, रंगवलेल्या भिंती यांचं महत्त्व आहेच. पण आत जाऊन एकच गोष्ट तपासायला सांगितली तर आम्ही आईच्या हाताशी असलेली स्वतंत्र शेगडी तपासू.

कारण असं आहे. ल्युकेमियाच्या पहिल्या टप्प्यात मुलाला चार-पाच आठवडे स्टेरॉइड दिलं जातं. त्याने विलक्षण भूक लागते. मूल रात्री अडीच वाजता उठून वरणभात मागतं, दिला नाही तर रडून बेजार होतं, आणि तासाभराने पुन्हा मागतं. साडेबाराला आणि रात्री आठला ताट लावणाऱ्या मेसला हे जमणार नाही. मग बाप खाली उतरून वडापाव आणतो, आणि इथूनच बिघडतं. पुढे मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाच्या दिवसांत तोंड आलं की तेच मूल तिखटाचा कणही खाऊ शकत नाही. तेव्हा गुरगुट्या भात, पेज, नाचणीसत्त्व, मऊ खिचडी, तीही कोमट. व्हिंक्रिस्टिन या दुसऱ्या औषधानंतर शौचाला घट्ट होतं, तेव्हा पाणी वाढवायचं आणि शिजवलेल्या भाज्या द्यायच्या. आज हे, उद्या ते. एवढं सगळं शंभर माणसांचा भात एका पातेल्यात शिजवणारा आचारी कसं सांभाळणार?

दुसरं म्हणजे वेळेचं गणित. काउंट पडलेल्या मुलाचं अन्न ताजं शिजलेलं आणि गरम असावं लागतं. सकाळी अकराला शिजून दोनपर्यंत झाकून ठेवलेला भात मोठ्या माणसाला चालतो, मुलाला चालत नाही. कच्चा कांदा, कोशिंबीर, कापून ठेवलेली फळं, बर्फाचा गोळा, उसाचा रस, रस्त्यावरचं पाणी हे सगळं बंद. फळ द्यायचं तर जाड सालीचं, धुऊन आणि तेव्हाच सोलून: केळं, मोसंबी, संत्रं. अंडं पूर्ण घट्ट उकडलेलं. दही, लोणचं, घरचं ताक यांचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आईकडे शेगडी असेल तर ती हे नियम पाळू शकते. शेगडी नसेल तर नियमांचा कागद पिशवीतच राहतो.

तिसरं कारण कोणत्याही तक्त्यात मावत नाही. परळला मुलं बंगाल, बिहार, आसाम, मराठवाडा, कुठून कुठून येतात. आजारी मूल अनोळखी चवीचं खात नाही. मोहरीच्या तेलातली आईची मासोळी किंवा आईच्या हातची ज्वारीची भाकरी ते खातं, वजन टिकतं, आणि वजन टिकलं की केमोची मात्रा वेळेवर जाते.

उणिवा

पहिली आणि मोठी उणीव: जागा पुरत नाहीत. थेट दारात जाऊन प्रवेश मिळत नाही, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून नाव यावं लागतं. लहान वयाच्या, बाहेरगावच्या, गरीब आणि पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या मुलांना प्राधान्य असतं. कमी जागांतून जास्त मुलं पूर्ण बरी व्हावीत हा त्यामागचा हिशेब समजतो. पण आजार उलटलेल्या मुलाच्या आईला तो कसा समजवायचा? अशा कुटुंबांसाठी आधीच दुसरी सोय हेरून ठेवावी लागते. चेंबूरला २०१४ पासून काम करणारी अ‍ॅक्सेस लाइफ ही संस्था बाहेरगावच्या कॅन्सरग्रस्त मुलांना आणि त्यांच्या पालकांना विनाशुल्क निवारा देते. समाजसेवकांना तिच्याबद्दल वेगळं विचारा.

दुसरं, शिस्त. मुलांसाठीच्या सगळ्या चांगल्या जागांत सफाईच्या पाळ्या, पाहुण्यांवर बंधनं, चपला बाहेर, बाहेरचं अन्न बंद असे नियम असतात. गावाकडून मामा-मावशी भेटायला येतात आणि त्यांना दारातच थांबवलं की मनाला लागतं. पण हे नियम मुलाच्या रक्तातल्या पेशींसाठी आहेत, त्यात अपमान नाही. नातेवाइकांना निघण्याआधीच फोनवर सांगून टाका.

तिसरं, भावंडं. बहुतेक ठिकाणी रुग्ण मूल आणि एक-दोन मोठी माणसं एवढीच जागा असते. धाकटं सोबत आणायची वेळ आली तर आधी विचारून घ्या. ते मूल पोलिओ डोसाच्या वयाचं असेल तर डोस देण्यापूर्वी भावाला किंवा बहिणीला केमो चालू असल्याचं आरोग्यसेविकेला सांगा. तोंडावाटे देण्याच्या डोसाऐवजी त्याला इंजेक्शनवाली लस द्यावी लागते.

अंतर, गाडी आणि रात्रीचे दोन

जागा बघताना सगळे दिवसाचं अंतर विचारतात. तुम्ही रात्रीचं विचारा. केमोवरच्या मुलाला एकदा १०१ फॅरेनहाइट किंवा तासभर १००.४ ताप असेल तर तो आणीबाणीचा प्रसंग आहे. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस जायला हवा. म्हणून प्रत्येक खोलीत स्वतःचा थर्मामीटर हवा, आणि डॉक्टरांशी बोलण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये. औषधाने आकडा उतरतो, संसर्ग उतरत नाही. काखेतच तापमान घ्या, गुदद्वारातून कधीही घेऊ नका.

प्रवेश घेण्याआधी व्यवस्थापकांना विचारायचे प्रश्न असे: रात्री दोनला गाडी कोणाकडे मागायची, चालक इथेच झोपतो का, गेटची किल्ली कोणाकडे असते? एका निवाऱ्यात गाडी होती, चालक होता, पण गेटला कुलूप आणि राखणदार गच्चीवर झोपलेला, त्यात पंचवीस मिनिटं गेली. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण हा प्रश्न आधीच विचारला असता तर ती वेळ वाचली असती.

केंद्र परळला की खारघरला, हे उपचार कुठे आहेत त्यावरून ठरवा. अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि २०२३ पासून सुरू झालेले प्रोटॉन किरणोपचार टाटाच्याच खारघरच्या केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये होतात. डे-केअर परळला आणि मुक्काम खारघरला अशी जोडणी निव्वळ जागा रिकामी आहे म्हणून स्वीकारू नका. परतीच्या संध्याकाळी उलट्या करणारं मूल घेऊन सायन-पनवेल महामार्गावर दीड-दोन तास काढणं फार जड जातं. कॉटन ग्रीन त्या मानाने जवळ पडतं.

न दिसणाऱ्या गोष्टी

संडास. निदान एक तरी कमोडवाला हवा. पायाच्या हाडाच्या ट्यूमरची शस्त्रक्रिया झालेलं मूल उकिडवं बसू शकत नाही, आणि एवढ्या एका कारणावरून कुटुंबांना जागा बदलावी लागते. केमोनंतर ४८ तास मुलाच्या लघवी-शौचातून आणि उलटीतून औषध बाहेर पडत असतं, म्हणून झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं आणि साफ करताना हातमोजे घालायचे. गरोदर बाईने ते साफ करू नये. हा नियम निवाऱ्याच्या भिंतीवर मराठी, हिंदी आणि बंगालीत लिहिलेला असेल तर त्या जागेचं व्यवस्थापन जाणतं आहे असं खुशाल समजा.

लिफ्ट. कुबड्या किंवा चाकाची खुर्ची असलेल्या मुलासाठी तळमजला मागा, किंवा वीज गेल्यावर लिफ्ट चालते का ते विचारा.

डास. प्लेटलेट आधीच कमी असलेल्या मुलाला डेंग्यू म्हणजे दुहेरी संकट. जून ते ऑक्टोबरमध्ये खिडकीची जाळी फाटलेली नाही ना, कूलर, कुंड्या आणि गच्चीवरच्या ड्रममध्ये पाणी साचत नाही ना, हे स्वतः बघा.

गावी जाण्याची सुटी. दोन केमोंच्या मध्ये आठ-पंधरा दिवस मिळाले की घरी जावंसं वाटणारच. जाण्याआधी जागा राखून ठेवली जाते का हे विचारा, आणि परतीची तारीख लेखी द्या. कुटुंबं उपचार अर्धवट सोडतात त्यातली बरीच अशाच सुटीत सोडतात: मूल बरं दिसतं, पेरणी आलेली असते, पैसे संपलेले असतात. टाटाच्या बालकर्करोग विभागाशी जोडलेलं इम्पॅक्ट फाउंडेशन याच गळतीवर काम करतं. तारीख चुकली की त्यांचा फोन येतो, तो उचला. प्रवासखर्चासाठी रेल्वेची सवलत आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गात ७५ टक्के सूट. फॉर्मवर रुग्णालयाची सही-शिक्का लागतो, आणि तिकीट आरक्षण खिडकीवरच काढावं लागतं.

प्रवेश कसा मिळवायचा

निदान पक्कं होऊन उपचारांचा आराखडा फाईलमध्ये लागला की त्याच दिवशी समाजसेवा विभागात जा. केमो सुरू होण्याची वाट बघू नका, वेटिंगमध्ये एकेक दिवस मोलाचा असतो. सोबत मुलाचं आणि दोन्ही पालकांचं आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि या सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा. रेशन कार्ड पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजनेलाही लागतं, गावी विसरला असाल तर घरून लगेच मागवा. समाजसेवकांना उत्पन्न कमी सांगू नका, जास्तही सांगू नका. घरात किती माणसं, शेती किती, कर्ज किती, आई एकटी राहू शकेल का, हे स्पष्ट सांगा. त्यावरूनच जागा ठरते. आठवड्यातून दोनदा जाऊन यादीतला क्रमांक विचारा.

रुग्णालयाच्या आवारात "पाच हजार द्या, धर्मशाळेचं पत्र मिळवून देतो" असं म्हणणारा भेटला तर तो फसवतो आहे. हे पत्र फुकट असतं.

शेजाऱ्यांसाठी आणि देणाऱ्यांसाठी

२०२१ मध्ये म्हाडाने टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १०० सदनिका देऊ केल्या. करी रोडच्या इमारतींत त्या द्यायला रहिवाशांचा विरोध झाला आणि मग भोईवाड्यातली जागा ठरली. विरोधाची कारणं काहीही असोत, कॅन्सर असलेलं मूल शेजारी आलं तर आपल्याला काही होईल ही भीती अजूनही अनेकांच्या मनात असते. कॅन्सर लागत नाही. धोका असलाच तर उलट दिशेने आहे: आपली सर्दी, आपल्या घरातल्या कांजिण्या त्या मुलाला जड जातात.

मदत करायची इच्छा असेल तर रुग्णालयाच्या फुटपाथवर शिजवलेल्या अन्नाची पाकिटं वाटू नका. ती त्या मुलांना चालत नाहीत, आणि भुकेलं मूल मात्र खातं. निवाऱ्याला आधी फोन करून विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं तूरडाळ, तेल, अंडी, साबण, थर्मामीटर, डिजिटल वजनकाटा. वाढदिवस साजरा करायला केक घेऊन गटाने जाऊ नका, काउंट पडलेल्या मुलांमध्ये दहा अनोळखी माणसं नकोत. खेळणी द्यायची तर साबणाने धुता येतील अशी प्लॅस्टिकची द्या. केसाळ अस्वल मुलाला फार आवडतं खरं, पण मुंबईच्या पावसाळ्यात ते धुऊन वाळायला चार दिवस लागतात आणि तोवर त्याला बुरशी धरते.